उसना न्यूट्रल

टॉडमॉर्डनच्या चढावर, दगडी ओळीतलं शेवटचं घर.
दार उघडून मिसेस एंटविसल माझ्या मागे बघत राहिल्या,
मिस्त्री अजून व्हॅनमधून उतरायचा असल्यासारख्या.
मीच, म्हटलं. एक्कावन्न वर्षांची,
पेटी उचलणारी, गुडघ्यांना पॅड बांधलेली.
"बरं," म्हणाल्या, "बूट पुसा."

तक्रार साधी:
महिन्यापूर्वी कुणीतरी नवा बोर्ड बसवला,
तेव्हापासून जिन्यातला दिवा लावला
की वर-खाली दोन्हीकडे अंधार.
जुना बोर्ड पन्नास वर्षं काही बोलला नाही.
जुन्याला हिशेब येत नव्हता, मावशी
(मावशी मनातल्या मनात),
तार वितळेपर्यंत तो सगळं चालवून घ्यायचा.
नवा मोजतो, गेलं किती, परत आलं किती.
तीस मिलिअँपिअरचा फरक, की खटका.

मेन बंद केला.
टेस्टर आधी तपासला, मग तारांना लावला, मग पुन्हा तपासला.
हा नियम शिकवणाऱ्या क्लाइव्हची दोन बोटं वाकत नसत,
चहाचा कप तो अवघडून धरायचा,
त्यामुळे नियम कधी विसरले नाही.

खालची लाइन ठीक.
वरचीही ठीक.
फक्त जिन्यापाशी दोघी एकमेकींना ओळखत होत्या.

गालिचा दुमडला. तीन फळ्या उचकटल्या.
खाली कोळशाची धूळ, केसांची एक पिन,
काळ्या रबराची वायर, बोट लावलं की भुगा,
आणि जोड होता तंबाखूच्या डबीत.
तारांसाठी खिळ्यानं पाडलेली भोकं,
पण कडा कानशीनं घासून इतक्या गुळगुळीत
की माझ्या बोटाला ओरखडा नाही.

"विल्फ," त्या जिन्यातून म्हणाल्या.
विल्फ गिरणीत माग दुरुस्त करायचा.
आमच्या इचलकरंजीत त्याला जॉबर म्हणाले असते
आणि घरातलं काहीही बिघडलं की बोलावलं असतं.
या हॉस्पिटलात, रात्रपाळीला.
पहाटे घरी येऊन खाली दिवा लावायचा,
वर पोचून मालवायचा,
एवढ्यासाठी त्यानं एका रविवारी हे केलं.
फेज घेतली खालून, न्यूट्रल दिला वरच्याला.
वायर वाचली असेल चार यार्ड.

आई म्हणायची, उसनी आणलेली वाटी रिकामी परत देऊ नये.
विल्फनं भरूनच दिली,
फक्त दुसऱ्याच दारात.

यातली खोड अशी (त्यांना सांगणं भाग होतं):
वरचं सगळं बंद करून, निर्धास्त होऊन
तुम्ही हा न्यूट्रल सोडवायला जाता
आणि तो जिवंत असतो,
दिव्यातून, खालून आलेला.
बंद म्हणजे बंद नसतं.
बाईंनी मान डोलावली,
जणू ही माहिती त्यांना जुनीच.

सहा मीटर नवी केबल. भुगा ब्रशनं गोळा केला.
डबी टाकू का विचारलं.
"आण इकडे."
पिन दिली तेव्हा मात्र उजेडाकडे धरून बघत बसल्या.
"ही माझी नाही."
मी स्क्रू आवळत राहिले.
बऱ्याच वेळानं: "त्याच्या आईची असेल. ती पिना टाकत फिरायची."
आणि डबीत ठेवली.

मग मेन चालू केला. म्हटलं, तुम्हीच लावून बघा.
खाली टक्.
दिवा लागला, बोर्ड हूं की चूं नाही.
त्या कठडा धरून वर निघाल्या,
मी पायऱ्या मोजल्या. तेरा.
सातवीवर थांबल्या जरा.
मग वरून टक्,
आणि मी खाली, पेटी हातात,
त्यांच्या अंधारात उभी,
बूट कुठे काढले होते ते आठवत.